संगणकाच्या चावडीवरील मतभेद आणि संशय

दिनांक २८ ते ३० एप्रिल २०२३ या तीन दिवसांत हैदराबाद येथे भारतातील विकिपीडिया-कार्यकर्त्यांची परिषद भरली होती. अशी पहिली परिषद २०११ मध्ये मुंबईत आणि दुसरी २०१६ मध्ये चंडीगडजवळ झाली होती. निरनिराळ्या भाषांत ज्ञानकोशाचे लेख लिहिणारे आणि त्या कोशासाठी लागणाऱ्या संगणक-आज्ञावली तयार करणारे स्वयंसेवक अशा परिषदेत एकत्र येतात. एरवी त्यांचा परस्परांशी परिचय पडद्यावरील अक्षरांपुरताच असतो. कोणी खऱ्या नावाने लिहितो, कोणी धारण केलेल्या सदस्यनावाने. वय, गाव, व्यवसाय, चेहरा यांपैकी काहीच ठाऊक नसलेल्या माणसांबरोबर वर्षानुवर्षे काम करावयाचे, त्यांच्या कामातील चुका काढावयाच्या आणि आपल्या चुका त्यांना काढू द्यावयाच्या, असा हा व्यवहार आहे. त्यात खटके उडतात, रुसवे होतात आणि पुष्कळदा संशयही शिरतो. या संशयाचे निवारण हे स्वयंसेवक कसे करतात, हे ग्रामपंचायतीपासून सहकारी संस्थेपर्यंत कोठेही सार्वजनिक काम करणाऱ्याला समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणारा मजकूर. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावलींचा मूळ मजकूर ग्राहकाला पाहावयास मिळत नाही. मुक्त आज्ञावलीचा मजकूर मात्र सर्वांसमोर असतो. तो कोणीही वाचावा, त्यात दुरुस्ती सुचवावी, आपल्या भाषेसाठी त्याचे रूप पालटावे, अशी मोकळीक असते. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आरंभिलेली ‘लिनक्स’ ही प्रणाली अशीच वाढली. आज खेड्यातील शिक्षकाच्या हातातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तीच आहे. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ आज्ञावलीवर चालतो, तीही २००२ पासून अशाच पद्धतीने घडत आली. हैदराबादमध्ये ‘स्वेच्छा’ या स्वयंसेवी संघटनेने लिनक्सचा तेलुगू अवतार सिद्ध केला. या कामात पगारी तज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. तरी त्याचा फार मोठा भाग आजही फावल्या वेळात, विनावेतन केला जातो.

चावडी आणि रच्चबंड

मराठी विकिपीडियावर सर्वांनी मिळून चर्चा करण्याच्या पानाला ‘चावडी’ असे नाव आहे. तेलुगू विकिपीडियावर त्याच पानाला ‘रच्चबंड’ म्हणतात. रच्चबंड म्हणजे तेलुगू गावातील झाडाखालचा तो कट्टा, जेथे गावकरी गोष्टी करतात आणि तंटेही सोडवितात. आपल्याकडील पारच तो. दोन्ही भाषांच्या स्वयंसेवकांना परकीय शब्दाचे भाषांतर करीत न बसता गावातील जागाच आठवली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मराठी आणि तेलुगू यांचे ज्ञानकोशाच्या क्षेत्रातील नाते याहूनही जुने आहे. हैदराबाद येथे १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम’ या ग्रंथालयाच्या संस्थापकांपैकी एक कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपूरला झाले होते. ते मराठी उत्तम जाणत व मराठीत लिहीतही. पुढे त्यांनी तेलुगू भाषेतील ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्याचे तीन खंड त्यांच्या हयातीत निघाले. १९२३ मध्ये ते निवर्तले व संकल्प अपुरा राहिला. एका माणसावर फार भार पडला की मोठी कामे कशी अडतात, याचा प्रत्यय पुढे याच लेखात निराळ्या संदर्भात येणार आहे.

चावडी या शब्दाबरोबर एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. गावची जुनी चावडी सर्वांची नव्हती. तेथे ओट्यावर कोण बसणार व दूर उभे कोण राहणार, हे जन्मावरून ठरत असे. संगणकाच्या चावडीवर अशी रेघ आखलेली नाही. पण ज्याला टंकलेखन येते, इंग्रजी सूचना वाचता येतात आणि ज्याच्या घरी वीज व जोडणी टिकते, त्याचा आवाज तेथे आपोआप मोठा होतो. नवख्याची शंका फटकारली गेली तर तो बहुधा भांडत नाही, मुकाट्याने निघून जातो. अशा मंडळींचे सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे. आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही.

संशय का उत्पन्न होतो

समोरासमोर बोलताना शब्दांबरोबर स्वर असतो, हसू असते. लिहिलेल्या शेऱ्यात ते नसते. ‘हे चूक आहे’ हे तीन शब्द एकाला साधी माहिती वाटतात, दुसऱ्याला अपमान. त्यात दोघांपैकी एकाची भाषा वेगळी असली आणि दोघेही तुटपुंज्या इंग्रजीत लिहीत असले, तर अंतर आणखी वाढते. शिवाय विनावेतन काम करणाऱ्याच्या पदरी मान एवढीच प्राप्ती असते. तिला धक्का लागला की मनुष्य कारणे शोधू लागतो आणि ती समोरच्याच्या हेतूत सापडल्याचे त्याला वाटू लागते.

समजा, देगलूर तालुक्यातील एका शिक्षकाने आपल्या गावाविषयी लेख लिहिला. सीमेवरील गाव असल्याने त्याचे नाव मराठीत एका तऱ्हेने व तेलुगूत दुसऱ्या तऱ्हेने उच्चारले जाते. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी सदस्याने नावातील अक्षर बदललेले दिसले. शिक्षकाने ते पूर्ववत केले. त्याने पुन्हा बदलले. तिसऱ्या खेपेस शिक्षकाच्या मनात येते, की हा सीमेपलीकडचा दिसतो, याला आमचे गाव पळवायचे आहे. तिकडे त्या सदस्याच्या मनात येते, की हा नवा माणूस हट्टी आहे, याचा कोणी बोलविता धनी असावा. प्रत्यक्षात एकाने शाळेच्या पाटीवरील नाव घेतलेले असते, दुसऱ्याने जनगणनेच्या पुस्तिकेतील.

अशा प्रसंगी विकिपीडियाची रीत अशी, की प्रथम समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे. हा केवळ सभ्यतेचा उपदेश नव्हे. त्यामागे व्यवस्था आहे. प्रत्येक लेखाला एक इतिहास-पान असते. कोणी, केव्हा, कोणते अक्षर बदलले याची नोंद तेथे होते व जुना मजकूर परत आणता येतो. नुकसान भरून काढता येते म्हणूनच विश्वास ठेवणे परवडते. दुसरे, प्रत्येक लेखाला चर्चा-पान जोडलेले असते. वादाचे उत्तर लेखात अक्षरे फिरवून न देता तेथे, आधार दाखवून द्यावयाचे. इंग्रजी विकिपीडियावर तर २००४ पासून असा नियम आहे, की एकाच लेखातील इतरांचे बदल चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा कोणी उलटवू नयेत. मग त्याचे म्हणणे बरोबर का असेना. हा शेवटचा भाग पुष्कळांना अन्यायाचा वाटतो. परंतु बांधावरून भांडणाऱ्या दोघांना आधी हातातील कुदळी खाली ठेवा असे सांगताना, बांध खरा कोणाचा हे कोणी विचारीत नाही.

एका माणसाने दोन-तीन नावे धारण करून स्वतःलाच पाठिंबा देणे, हा प्रकारही घडतो. संगणकीय नोंदींवरून ते तपासण्याचा अधिकार फार थोड्या, निवडलेल्या व गोपनीयतेने बांधलेल्या सदस्यांना असतो. ज्या भाषेत असे सदस्य नसतात, तेथील तपासणी सर्व भाषांसाठी निवडलेले ‘स्टुअर्ड’ करतात. आरोप करणाऱ्याने आधी पुरावा मांडावयाचा असतो, आणि पुराव्यावाचून अमुक हा तमुकच आहे असे चावडीवर पुनःपुन्हा म्हणत राहणे हाही दोष मानला जातो. विकिमीडिया प्रतिष्ठानाने सर्व भाषांसाठी समान आचारसंहिता २०२१ मध्ये संमत केली. तांत्रिक कामाच्या मंचांसाठी त्यापूर्वीच, २०१७ मध्ये, एक संहिता लागू झाली होती.

सहीची परंपरा

लेखातील चूक वाचकाला दिसते. आज्ञावलीतील चूक आत दडून राहते, आणि ती आज्ञावली जेथे जेथे बसविली असेल तेथे पसरते. म्हणून आज्ञावलींच्या क्षेत्रात विश्वासाची कसोटी अधिक कडक आहे. कोणीही सुचविलेली दुरुस्ती दुसऱ्या जाणत्या सदस्याने तपासल्यावाचून मूळ मजकुरात जाऊ नये, असा मीडियाविकीचा सर्वसाधारण नियम आहे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती देणाऱ्याने आणि पुढे पाठविणाऱ्याने आपले नाव घालण्याची पद्धत पडली. एका कंपनीने लिनक्समध्ये आपला मजकूर चोरून घातल्याचा दावा केला होता. त्यानंतर ही पद्धत आली. सरकारी कचेरीत टिप्पणी खालून वर जाताना प्रत्येक टेबलावर सही होते, तसाच हा प्रकार आहे. सहीचा उपयोग माणसाला अडकविण्यासाठी होतो असा समज आहे. तिचा मोठा उपयोग निर्दोष माणसाला सोडविण्यासाठी होतो, हे दप्तर सांभाळलेल्या कोणत्याही कारकुनास विचारावे.

या परंपरेला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकरणाने हादरा बसला. तेथील संशोधकांनी २०२० मध्ये बनावट नावांनी जाणूनबुजून सदोष दुरुस्त्या लिनक्सकडे पाठविल्या. तपासनीसांच्या नजरेतून त्या सुटतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पण ज्यांच्यावर हा प्रयोग केला त्यांना त्याची कल्पना नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये त्याच विद्यापीठाकडून आणखी काही निरुपयोगी दुरुस्त्या आल्या, तेव्हा लिनक्सचे एक प्रमुख ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी संपूर्ण विद्यापीठाचीच दारे बंद केली. संशोधकांनी क्षमा मागितली व प्रबंध मागे घेतला. मात्र प्रश्न तेवढ्याने संपला नाही. त्या विद्यापीठातील इतरांनी पूर्वी प्रामाणिकपणे दिलेल्या दुरुस्त्यांचे काय? त्या सर्वांवर आता डाग पडला होता. मग स्वयंसेवकांनी ४३५ दुरुस्त्या पुन्हा वाचून काढल्या. त्यांतील बहुतेक योग्यच असल्याचे आढळले आणि मुद्दाम केलेल्या सदोष दुरुस्त्या मूळ मजकुरापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, हेही मे २०२१ च्या अहवालात स्पष्ट झाले. राग काढून दार लावणे एका दिवसाचे काम होते. संशयाचा हिशेब एकेका नोंदीवरून फेडणे हे पुष्कळांच्या श्रमाचे काम ठरले. तरीही ते करावेच लागले, कारण त्यावाचून दार पुन्हा उघडण्यास आधार राहिला नसता.

थकलेला राखणदार

याहून गंभीर घटना २०२४ साली उघडकीस आली. ‘एक्सझेड’ नावाची एक छोटी आज्ञावली आहे. फाइली दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण ती लिनक्सच्या बहुतेक सर्व प्रकारांत वापरली जाते. फिनलंडमधील लासे कोलिन हे गृहस्थ ती अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनावेतन सांभाळीत होते. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने एक स्वयंसेवक आला व लहानसहान उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावे प्रकट झाली. काम फार मंद चालले आहे, दुरुस्त्या पडून आहेत, सूत्रे दुसऱ्या कोणाकडे का देत नाही, असा लकडा या नावांनी लावला. कोलिन यांनी उत्तरादाखल आपली मानसिक अस्वस्थता मोकळेपणाने सांगितली आणि हे वेतनाचे काम नसून छंद आहे याचे स्मरण दिले. तरी टोचणी थांबली नाही. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळत गेले.

ती तक्रार करणारी नावे त्या कामापुरतीच निर्माण झालेली होती, असे आता मानले जाते. दीड-दोन वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवावयाचा आणि दुसऱ्या बाजूने खोट्या नावांनी थकलेल्या माणसाला नमवावयाचे, असा हा डाव होता. दिनांक २४ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेल्या आवृत्तीत, आणि मार्चमधील पुढील आवृत्तीतही, एक चोरदरवाजा बसविण्यात आला. त्यायोगे दूरवरच्या संगणकात बाहेरच्या माणसाला शिरकाव करता आला असता. येथे एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. चोरदरवाजा उघडणारा एक आवश्यक तुकडा सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीत नव्हताच. तो केवळ वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातला होता. वाचन जेथे होत होते आणि वाटप जेथून होत होते, त्या दोहोंमध्ये अंतर होते. नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

तो सापडला तोही संशयी पहारेकऱ्याला नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंते आपल्या निराळ्याच कामाची गती मोजीत असता, दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांना आढळले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर यंत्र जुने झाले म्हणून सोडून दिले असते. त्यांनी कारण शोधीत नेले आणि दिनांक २९ मार्च २०२४ रोजी सर्व पुरावा जाहीर केला. लिनक्सच्या बहुतेक प्रस्थापित आवृत्त्यांत हा मजकूर पोहोचण्यापूर्वीच तो मागे घेतला गेला. आपण प्रथम कोणावर आरोप केला, यापेक्षा कोणत्या फाइलीत काय आढळले हे त्यांनी आधी मांडले, म्हणून काही तासांतच जगभरच्या जाणकारांना ते पडताळून पाहता आले.

आणि तरीही पहिल्या गडबडीत संशयाचा झोत भलत्यावरही पडला. ज्या मंचावर ही आज्ञावली ठेवलेली होती, त्याने जिया टॅनबरोबर लासे कोलिन यांचेही खाते स्थगित केले. ज्याची फसवणूक झाली, त्याच्याच घराला कुलूप लागले. काही दिवसांत ते उघडण्यात आले. पुढे कोलिन यांनी स्वतःच सर्व मजकूर तपासून काढला व २९ मे २०२४ रोजी स्वच्छ केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. जिया टॅन हे कोण, एक व्यक्ती की मंडळी, कोणत्या देशाची, हे अद्यापि जाहीरपणे सिद्ध झालेले नाही.

लकडा लावणाऱ्या त्या नावांपैकी एक ‘जिगर कुमार’ असे होते. नाव भारतीय वळणाचे असले तरी त्यामागे भारतीय माणूस होता असे म्हणण्यास काहीही आधार नाही. नाव तर कोणीही धारण करू शकतो. तथापि अशा घटनांनंतर नवख्या आणि दूरच्या नावांकडे अधिक रोखून पाहिले जाते, ही वस्तुस्थिती आहे. नांदेड किंवा निजामाबादच्या महाविद्यालयातील एखादी विद्यार्थिनी आपली पहिली दुरुस्ती पाठविते, तेव्हा तिला पूर्वीपेक्षा अधिक प्रश्न विचारले जातात आणि उत्तर येण्यास अधिक दिवस लागतात. प्रश्न दुरुस्तीविषयी असतील तर ते रास्त होत. तिच्या देशाविषयी, भाषेविषयी किंवा हेतूविषयी असतील, तर आचारसंहितेचा आधार घेऊन तक्रार करण्याचा तिला अधिकार आहे.

या क्षेत्रात वडीलधाऱ्यांनाही आपली वागणूक तपासावी लागली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांच्या कठोर व अपमानकारक शेऱ्यांविषयी अनेक वर्षे कुरबुर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिले आणि त्याच वेळी लिनक्सने नवी आचारसंहिता स्वीकारली. तपासणीची कसोटी त्यामुळे सैल झालेली नाही. मजकूर पूर्वीप्रमाणेच परत पाठविला जातो.

मराठी शाळांतील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना या कामात भाग घ्यावयाचा असल्यास लहान दुरुस्तीपासून आरंभ करणे सोयीचे पडते. आपल्या गावाविषयीच्या मजकुराला ग्रामपंचायतीच्या फलकाऐवजी जनगणना-पुस्तिका किंवा जिल्हा गॅझेटियर यांचा आधार द्यावा. बदल करताना त्याचे कारण एका ओळीत लिहिण्याची जागा असते, ती रिकामी सोडू नये. लिहिलेले कोणी काढून टाकले, तर प्रथम इतिहास-पानावर त्याने दिलेले कारण वाचावे; पटले नाही तर लेखाच्या चर्चा-पानावर विचारावे; आठवडाभरात उत्तर न आल्यास चावडीवर. आज्ञावलीविषयक कामात दुरुस्ती किती दिवसांत तपासली जाईल याची शाश्वती नसते. तपासणारा बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री बसलेला असतो. स्मरणपत्र पाठवावे, परंतु त्यात त्याला आणखी एक हात लागतो काय, हेही विचारावे.